चौदा किलोमीटर म्हणजे एकवीस

प्रश्न: मुलीच्या एडिंबऱ्यातल्या क्लबकडून स्कॉटलंडमधल्या डोंगरी रिलेचं बोलावणं आलंय. ऑक्टोबरात जोडीने धावायचा टप्पा; 14 किलोमीटर, 900 मीटर चढ. माझी हाफ मॅरेथॉन दोन तासांत होते. हे दीड तासात जमेल ना? मुंबईत सराव कसा करू?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर: नाही जमणार, आणि टीमला तसं सांगूनही बसू नका. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये चालणाऱ्यांसाठी आडाखा बांधला: दर तीन मैलांना एक तास, शिवाय दर 2000 फूट चढाला आणखी एक तास. म्हणजे मीटरभर चढ सपाटीवरच्या आठ मीटरांच्या तोलाचा. धावणाऱ्यांनाही हे प्रमाण बऱ्यापैकी लागू पडतं. तुमचे 900 मीटर झाले 7.2 किलोमीटर, एकूण 21.2. हाफ मॅरेथॉनच की! वर पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या मऊ मातीची दलदल आणि हेदरची झुडपं. अडीच तास धरा. पुढची जोडी या आकड्यावरच जॅकेट काढून अंग गरम करते; तुम्ही तासभर उशिरा पोचलात तर ती वाऱ्यात कुडकुडत उभी.

चढाचा सराव सोसायटीच्या जिन्यातही होतो. मजला तीन मीटरचा धरला, तर वीस मजले पंधरा वेळा म्हणजे तुमचे 900. उतरताना लिफ्ट मात्र नको. मांडी खरी भरते ती उतारावर, कारण तिथे स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो. नेरळहून माथेरान पायी चढून धावत उतरा: पावलं छोटी, नजर तीन-चार मीटर पुढे, अंग मागे न टाकता. मागे रेललात की टाच आधी टेकते आणि ओल्या गवतावर पाय सटकतो. असा शेवटचा जोरदार उतार शर्यतीच्या दहा दिवस आधीच संपवा.

थंडीचा सराव मुंबईत होत नाही. दर 100 मीटरला पारा साधारण 0.65 अंशाने उतरतो, त्यात वारा. सुती टी-शर्ट घरीच ठेवा. जॅकेट धारेवर पोचण्याआधी चढवा. वर गेल्यावर बोटं इतकी बधिरतात की चेन लागत नाही. खजूर बिया काढून, सुट्टे खिशात. चिक्की गारठ्यात दाताला जुमानत नाही. सक्तीच्या सामानाची यादी आयोजक देतात, त्यात काटछाट नको.

नकाशा 1:25000 असेल तर चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. होकायंत्र मोबाइलच्या खिशात कधीच ठेवू नका. फोनमधल्या चुंबकामुळे सुई उलटी होते, उत्तरेऐवजी दक्षिण दाखवते, आणि धुक्यात ते लक्षातही येत नाही. नकाशा एकाने धरायचा, दुसऱ्याने पावलं मोजायची. सामान जास्त दमदार गड्याने घ्यावं, कारण जोडीचा वेग हळू धावणाऱ्याचाच असतो.

प्रश्न: स्कॉटलंडच्या गवतात गोचीड चावतात म्हणे. काय करावं?
— एक वाचक, दादर

उत्तर: अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, जांघेत, काखेत बघा. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढा. तेल, रॉकेल, काडीचा चटका यातलं काही नको. पुढच्या महिनाभरात लाल चट्टा पसरत गेला तर लाइम या गोचिडीतून होणाऱ्या आजाराची शंका घ्यायची. तोवर तुम्ही दादरला परतलेले असाल, म्हणून डॉक्टरांना स्कॉटलंडच्या गवतात धावून आल्याचं आपणहून सांगा.