कर्नलमधील कॉलबॅकचा भार किती?

प्रश्न : नागपूरच्या आयटी पार्कमधील एका कंपनीत मी लिनक्स कर्नलसाठी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी, नेटवर्क मॉड्यूल लिहितो. येणाऱ्या प्रत्येक पॅकेटची नोंद रेड-ब्लॅक ट्रीमध्ये (नोंदी क्रमाने ठेवणाऱ्या समतोल झाडासारख्या रचनेत) शोधावी लागते. शोधाचे एकच सामाईक फंक्शन असावे आणि तुलना करणारे फंक्शन त्याला कॉलबॅक म्हणून द्यावे, म्हणजे त्याचा पत्ता (फंक्शन पॉइंटर) हाती द्यावा, असे मी सुचवले. आमच्या वरिष्ठांच्या मते कर्नलमध्ये कॉलबॅक महाग पडतो, म्हणून शोधाचे लूप प्रत्येक ठिकाणी हातानेच लिहावे. एकच लूप चार ठिकाणी उतरवणे मला पटत नाही. योग्य काय?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : आपल्या वरिष्ठांचे म्हणणे निराधार नाही. रेड-ब्लॅक ट्रीच्या हेडर फाइलमध्येच वर्षानुवर्षे अशी टीप होती, की शोधण्याचा आणि भर घालण्याचा कोड ज्याचा त्याने लिहावा, कारण कॉलबॅकमुळे वेग फार घसरतो. ही पद्धत फारशी नीटनेटकी नाही, हेही त्याच टिपेत मान्य केले होते.

फंक्शन पॉइंटरमार्फत कॉल केला, की पलीकडे कोणते फंक्शन आहे हे कंपायलरला सहसा दिसत नाही, त्यामुळे दोन आकड्यांच्या तुलनेसारखे क्षुल्लक कामही त्याला जागच्या जागी उतरवता येत नाही. शिवाय कॉल कुठे जाणार याचा अंदाज प्रोसेसरला बांधावा लागतो. अंदाज बरोबर आला तर थोडक्यात भागते, चुकला तर आजच्या प्रोसेसरवर साधारण १५ ते २० सायकली (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) वाया जातात. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर ही प्रोसेसरमधील सुरक्षा-त्रुटी उघडकीस आली, हा अंदाजच सुरक्षिततेच्या दृष्टीने धोक्याचा ठरला, आणि गूगलमधील पॉल टर्नर यांची रेटपोलिन ही युक्ती कर्नलमध्ये आली. तिच्यात अंदाज मुद्दाम निष्फळ केला जातो, म्हणजे चुकलेल्या अंदाजाची किंमत जवळजवळ प्रत्येक कॉलला मोजावी लागते.

आता आपल्या कामाचा हिशेब मांडू. १० गिगाबिटच्या इथरनेटवर सर्वांत लहान पॅकेट्स पूर्ण वेगाने आली, तर सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख ८० हजार येतात. एका पॅकेटच्या वाट्याला ६७.२ नॅनोसेकंद येतात, म्हणजे ३ गिगाहर्ट्झच्या कोअरवर जेमतेम २०० सायकली. ट्रीमध्ये लाखभर नोंदी असतील तर एका शोधात साधारण १७ तुलना होतात. रेटपोलिनसह प्रत्येकीला २० सायकली धरल्या तरी नुसत्या कॉलपायी ३४० सायकली गेल्या. (एवढ्या मोठ्या ट्रीत नोंदी मेमरीतून कॅशमध्ये आणण्यातच याहून जास्त वेळ जाऊ शकतो, आणि नोंदींचा क्रम लागत नसेल तर हॅश टेबल का नको, हा प्रश्न मी आधी विचारीन.)

तरीही चार ठिकाणी लूप लिहिण्याची गरज नाही. २०२१ मध्ये कर्नल ५.१२ मध्ये पीटर झिल्स्ट्रा यांनी ‘आरबी फाइंड’ आणि ‘आरबी अ‍ॅड’ ही सामाईक फंक्शने आणली. ती तुलनेचे फंक्शन अर्ग्युमेंट म्हणूनच घेतात. पण ती हेडर फाइलमध्ये सक्तीने इनलाइन होतील, म्हणजे वापराच्या जागीच उतरतील, अशा रीतीने लिहिलेली आहेत, त्यामुळे कॉलच्या जागी आपण आपल्याच सोर्स फाइलमधल्या फंक्शनचे नाव थेट दिले, की कंपायलर तुलना तिथेच उतरवू शकतो आणि कॉल उरत नाही. तेच फंक्शन आपण स्ट्रक्चरमध्ये पॉइंटर म्हणून ठेवून रनटाइमला उचलले, तर मात्र सगळा भार परत येतो. म्हणून मॉड्यूल कंपाइल झाल्यावर ऑब्जडम्प या मशीन कोड दाखवणाऱ्या साधनाने शोधाचे लूप उघडून पाहावे : तिथे तुलनेची सूचना दिसली तर काम झाले, आणि ‘इनडायरेक्ट थंक’ असे नाव असलेल्या जागी (रेटपोलिनच्या तुकड्याकडे) जाणारा कॉल दिसला तर वरिष्ठांचे खरे. इनलाइनमुळे प्रत्येक ठिकाणी कोडची वेगळी प्रत तयार होते. चार ठिकाणांसाठी ती किंमत मला नगण्य वाटते.

डिव्हाइस ड्रायव्हरच्या ‘फाइल ऑपरेशन्स’मधील रीड-राइटसारख्या पॉइंटरांच्या वाटेला मात्र जाऊ नये. तिथे कोणता ड्रायव्हर येणार हे कर्नल कंपाइल होताना ठरतच नाही, आणि एका कॉलमागे होणारे काम कॉलच्या खर्चाहून पुष्कळ मोठे असते. पॉइंटर क्वचितच बदलत असेल, पण कॉल सतत होत असेल, तर कर्नल ५.१० पासून ‘स्टॅटिक कॉल’ ही सोय आहे. ती चालू कर्नलचा कोडच बदलून थेट कॉल बसवते.

मोजमापापूर्वी सिसएफएसच्या (कर्नल आपली माहिती जिथे फाइलींच्या रूपात दाखवतो त्या जागेच्या) ‘व्हल्नरेबिलिटीज’ डिरेक्टरीतील ‘स्पेक्टर व्ही२’ ही फाइल वाचावी. पुष्कळ नव्या प्रोसेसरांवर रेटपोलिनऐवजी हार्डवेअरची सोय वापरली जाते आणि वरचा हिशेब बराच सौम्य होतो. हाताने लिहिलेली आणि सामाईक फंक्शनची, अशा दोन्ही आवृत्त्या आळीपाळीने चालवून पर्फ या लिनक्सच्या मोजमाप-साधनाने सायकली मोजाव्यात, वेळ नव्हे. आपल्याकडे मे महिन्यात कूलर चालू असलेल्या खोलीतही प्रोसेसर तापून आपली गती उतरवतो, आणि दुपारी मोजलेली आवृत्ती सकाळच्या आवृत्तीपेक्षा विनाकारण संथ ठरते.