स्प्रिंगचा दीड वेढा कापून गाडी लो केली तर चालेल का?

तुमची २०१३ ची स्विफ्ट आहे, लोअरिंग स्प्रिंगांचा (गाडी खाली बसावी म्हणून मिळणाऱ्या तयार स्प्रिंगांचा) सेट बजेटमध्ये बसत नाही, आणि ओळखीचा गॅरेजवाला दोन हजारांत चारही स्प्रिंगांचा दीड-दीड वेढा कापून देतो म्हणतोय. करू का, असं तुम्ही विचारलंय. करू नका. मागच्या स्प्रिंगांना तर कटर लावूच देऊ नका.

मी नाशिकच्या अंबडला स्प्रिंगा बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, दहा वर्षं होतील. त्याआधी, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, घरच्या स्विफ्टच्या स्प्रिंगा मी स्वतः उभं राहून कापून घेतल्या होत्या. ते पुढे सांगतो. आधी हिशेब बघू, कारण तो गॅरेजमध्ये कोणी करून दाखवत नाही.

स्प्रिंग कापली की ती मऊ होते, असं बऱ्याच जणांना वाटतं. होतं उलटं. गाडीचं वजन पडतं तेव्हा स्प्रिंगची तार आतल्या आत पिळली जाते, आणि तो पीळ सगळे वेढे वाटून घेतात. वेढे कमी केले की तेवढंच वजन कमी तारेवर येतं, म्हणून स्प्रिंग कडक होते. काम करणारे पाच वेढे असतील आणि एक कापला, तर कडकपणा सव्वापट.

सोयीचे आकडे घेऊ. तुमच्या गाडीचे थोडे वेगळे असतील, पण रीत हीच. पुढच्या एका चाकावर २७५ किलो वजन आहे. स्प्रिंग मोकळी असताना ३४० मिमी लांब, पाच वेढे, दोन वेढ्यांत ६० मिमी अंतर. एक मिमी दाबायला २.२ किलो लागतात. म्हणजे गाडी उभी असताना स्प्रिंग १२५ मिमी दबलेली, उरली २१५. आता एक वेढा कापा. मोकळी लांबी २८०, कडकपणा २.७५, दबते १०० मिमी, उरते १८०. म्हणजे स्प्रिंगची ६० मिमी लांबी गेली, पण गाडी बसली ३५ मिमीच. दीड वेढा कापला तर ती साधारण ५२ मिमी बसते.

‘कडक झाली म्हणजे खाली आपटणार नाही’ असं गॅरेजवाला म्हणेल. इथेच फसगत आहे. समजा मूळ गाडीत स्प्रिंगला स्टॉपर रबरला (चाकाची वरची हालचाल जिथे अडते त्या रबरला) टेकेपर्यंत आणखी ७५ मिमी दबायला जागा होती. तिथपर्यंत पोचायला १६५ किलो जादा भार लागायचा. एक वेढा कापल्यावर जागा उरते ४० मिमी, भार लागतो ११० किलो. दीड वेढ्यानंतर जागा उरते जेमतेम २२ मिमी आणि भार ७० किलोच्या आसपास. स्प्रिंग कडक झाली खरी, पण जागा जेवढी गेली त्या मानाने कडकपणा वाढलेलाच नाही. म्हणून कापलेल्या स्प्रिंगांची गाडी खड्ड्यात धाडकन वाजते. तो आवाज स्टॉपरचा असतो, आणि तो मार थेट शॉकअपच्या माउंटला आणि बॉडीला जातो.

आता याहून मोठी गोष्ट. चाक पूर्ण खाली लोंबतं तेव्हा स्प्रिंगच्या वरच्या आणि खालच्या बैठकीत समजा ३०० मिमी अंतर असतं. मूळ स्प्रिंग ३४० ची, म्हणजे चाक हवेत असलं तरी ती ४० मिमी दाबून धरलेली राहते. दीड वेढा कापलेली स्प्रिंग उरते २५० ची. चाक लोंबलं की ती त्या जागेत ५० मिमी मोकळी! पुढे ती निदान शॉकअपच्या भोवती असते, त्यामुळे बाहेर पडत नाही, नुसती फिरते आणि आपटते. स्विफ्टला मागे मात्र शॉकअप वेगळा आणि स्प्रिंग वेगळी. तिला धरून ठेवणारं काहीच नसतं, फक्त दाब असतो. तो दाबच आपण कापून टाकतो.

माझ्या बाबतीत तेच झालं. कापून चार महिने झाले होते. गंगापूर रोडवर गाडी देखणी दिसायची, मित्र मागे वळून बघायचे, मला फार आनंद होता. चैत्रात आई-बाबांना घेऊन सप्तशृंगीला गेलो. गडावरून उतरताना नांदुरीच्या घाटात एका वळणावर ब्रेक मारला, मागचं आतलं चाक हलकं झालं, त्यातच खड्डा आला. मागून लोखंड आपटल्यासारखा आवाज झाला आणि गाडी एका अंगाला कलली. वेग कमी होता म्हणून कडेला घेता आली. उतरून बघतो तर डावी मागची स्प्रिंग बैठकीतून निसटून तिरकी अडकलेली, एक टोक टायरपासून दोन बोटांवर. आई दरडीच्या बाजूला दगडावर बसून होती. ती काही बोलली नाही. बाबांनी एवढंच विचारलं, ‘हे तुला माहीत होतं का रे?’ मला माहीत नव्हतं. हे उत्तर एवढं लांबवतोय ते त्या प्रश्नासाठी.

कापताना काय होतं तेही सांगतो, कारण हे आमच्या रोजच्या कामातलं आहे. तार पाणी देऊन, म्हणजे लाल तापवून एकदम गार करून, कडक केलेली, मग ठरावीक तापमानाला थोडी मऊ आणलेली असते. त्यानंतर तिच्यावर बारीक छर्‍यांचा मारा करतात. त्याने पृष्ठभाग आतून आवळला जातो आणि तडा सहज सुरू होत नाही. वर रंगाचा थर देतात. तुमच्या गॅरेजवाल्याकडे गॅस कटर असेल तर विषय तिथेच संपवा. तार लाल झाली की त्या भागाचं पाणी उतरलं. ती जागा काही महिन्यांत बसते, नाहीतर तिथेच तुटते. काही जण न कापता नुसती तापवून स्प्रिंगची उंची कमी करतात, ते तर सगळ्यात वाईट. थंड कटरने, पाणी मारत कापलं तरी उघडं टोक गंजतं, आणि नाशिकच्या पावसाळ्यात गंजाला फार दिवस लागत नाहीत. शिवाय शेवटचा वेढा आत वळून लहान झालेला असेल, तर ते टोक बैठकीसाठीच घडवलेलं असतं. ते कापलं की स्प्रिंगला बसायला जागाच राहत नाही.

रस्त्याचंही बघा. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स कागदावर १७० मिमी. त्यातून ५२ गेले, उरले ११८. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. इंदिरानगर, पाथर्डी फाट्याकडच्या कॉलन्यांत उंच आणि अरुंद उंचवटे कितीतरी आहेत. मागे तीन माणसं बसली की इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर घासणारच. चेंबर फुटून ऑइल गेलं आणि लक्षात आलं नाही, तर इंजिनचा खर्च तुमच्या लोअरिंग स्प्रिंगांच्या कितीतरी पट.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-ए मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तयार लोअरिंग स्प्रिंगाही याच कलमात अडकू शकतात, हे विकणारा सांगत नाही. अपघात झाला तर विमा कंपनीही याच मुद्द्यावर क्लेम अडवू शकते.

मग स्वस्तात काय करता येईल? अर्धाच वेढा कापू का, असं विचाराल. वरच्या हिशेबात अर्ध्या वेढ्याने गाडी १७ मिमी बसते. तेवढा फरक डोळ्याला जेमतेम दिसतो, आणि त्यासाठी एक चांगली स्प्रिंग वाया जाते. मला विचाराल तर तुम्हाला खटकतोय तो चाकाच्या कमानीतला रिकामेपणा. तुमची गाडी व्हीएक्सआय मॉडेल असेल तर टायर १६५/८० आर१४ असतील. त्याच स्विफ्टच्या झेडएक्सआय मॉडेलला कंपनीनेच १८५/६५ आर१५ दिलेले आहेत. दोन्हींची एकूण उंची जवळजवळ सारखी, ६२० मिमीच्या आसपास, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही. पण रिम मोठी, टायर रुंद आणि कमी जाड, म्हणून कमान भरलेली दिसते. झेडएक्सआयच्या जुन्या अलॉय रिम मिळतात. घेताना बाक आणि वेल्डिंग तपासून घ्या. शॉकअप अजून २०१३ चेच असतील तर आधी ते बदला. गाडी रस्त्याला धरून चालायला लागली की लो केल्याचं निम्मं समाधान तिथेच मिळतं.

मी त्या घाटानंतर मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगा टाकल्या. पुढचे दोन्ही टायर आतल्या बाजूने तारेपर्यंत झिजले होते, कारण गाडी बसली की चाकांचा कोन बदलतो आणि कापून झाल्यावर अलाइनमेंट कोणी केलंच नव्हतं. दोन टायर, चार स्प्रिंगा, शॉकअपचे माउंट. सगळं मिळून लोअरिंग सेटपेक्षा जास्त पैसे गेले.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणी आधीच कापून घेतल्या असतील तर आजच एक करा. सपाट जागी गाडी जॅकवर घ्या, स्टँड लावा, मागची चाकं पूर्ण लोंबू द्या. चाकाच्या आतून हात घालून स्प्रिंग फिरवून बघा. हाताने फिरली किंवा वर-खाली हलली, तर गाडी तशीच स्टँडवर राहू द्या आणि रिक्षा करून मूळ स्प्रिंगा आणायला जा.