वर्तमानपत्राखालचा चष्मा

प्रश्न : माझे वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांना उजव्या अंगाला अर्धांगाचा झटका आला आणि त्यात त्यांची वाचा गेली. समोरच्याचे बोलणेही त्यांना फारसे उमगत नाही, असे डॉक्टर म्हणतात. तरीही झोपाळ्यावर बसण्यापूर्वी ते डाव्या हाताने कडी धरून तो थांबवतात आणि मगच बसतात. मागच्या आठवड्यात माझ्या मुलाने त्यांच्या चष्म्यावर वर्तमानपत्र ठेवले, तर त्यांनी ते उचलून चष्मा घेतला. दुसऱ्या वेळी मुलाने चष्मा आधीच हळूच काढून घेतला होता. बाबांनी वर्तमानपत्र उचलले, रिकाम्या टेबलाकडे पाहिले आणि मग नातवाकडे पाहिले. आमच्या वाचनमंडळात मी हे सांगितले, तेव्हा एक ज्येष्ठ सभासद म्हणाले की भाषेवाचून धारणा असूच शकत नाही, ही नुसती सवय आहे. आणि जिचे कारण देता येत नाही ती धारणा म्हणजे अंधश्रद्धाच. हे बरोबर आहे का? घराच्या दुरुस्तीसाठी आम्हाला झोपाळा मागच्या खोलीत न्यायचा आहे, आणि बाबांना ते सांगून उपयोग नाही असे घरातले म्हणतात, म्हणूनही विचारते.
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आपल्या मंडळातील सभासदांची दोन्ही विधाने मला मान्य नाहीत. मात्र दोन्ही विधाने एकाच कारणाने चुकत नसल्यामुळे त्यांचा विचार वेगवेगळा करावा लागेल.

पहिले विधान जुने आहे आणि त्याच्या पाठीशी मोठी माणसे आहेत. ‘न सोऽस्ति प्रत्ययो लोके यः शब्दानुगमादृते’ असे प्राचीन व्याकरणकार आणि तत्त्वज्ञ भर्तृहरीने वाक्यपदीय या आपल्या ग्रंथात म्हटले आहे. शब्दाची सोबत नसलेले ज्ञान जगात नाही, असा त्याचा आशय. अमेरिकन तत्त्वज्ञ डोनाल्ड डेव्हिडसन यांनी १९७५ साली वेगळ्या वाटेने जवळपास हेच मांडले. धारणा असणे म्हणजे ती चुकू शकते याची जाण असणे, आणि खऱ्याखोट्याचा हा भेद माणसांना एकमेकांशी बोलण्यातूनच कळतो. म्हणून ज्याला भाषा नाही त्याला धारणाही नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

आता आपल्या टेबलापाशी काय घडले ते पुन्हा पाहू. वडिलांचे वागणे केवळ सवयीचे असते, तर वर्तमानपत्र उचलण्याशी ते संपले असते, कारण सवयीला अपेक्षाभंग होत नाही. त्यांची नजर मात्र आधी रिकाम्या जागेवर थांबली आणि नंतर नातवाकडे वळली. म्हणजे चष्मा येथे असायला हवा होता, तो नाही, आणि तो नसण्याला कोणीतरी कारण आहे, एवढे सगळे त्या नजरेत होते. आश्चर्य ही धारणेची खूण आहे हे डेव्हिडसन यांनाही मान्य होते. भाषेवाचून खरे आश्चर्य होत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आपण लिहिलेला प्रसंग वाचल्यावर त्यांचे हे म्हणणे मला पटत नाही.

आपल्या वडिलांसारख्या व्यक्तींचा शास्त्रीय अभ्यासही झालेला आहे. रोझमेरी वार्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली तीव्र वाचाघात झालेल्या तीन पुरुषांविषयी लिहिले. ‘माणसाने सिंहाला मारले’ आणि ‘सिंहाने माणसाला मारले’ या वाक्यांतील फरक त्यांना ओळखता येत नव्हता, पण मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करणे आणि लहान संख्येतून मोठी संख्या वजा करणे यांतील फरक ते सांभाळत होते. वाक्यरचना हरवली होती, तरी कोण कोणातून वजा होते याचा क्रम शाबूत होता.

आपले सभासद यावर म्हणतील की या माणसांनी अनेक दशके भाषा वापरलेली आहे, तेव्हा भाषेने घातलेली घडी भाषा गेल्यावरही राहिली असेल. हा आक्षेप रास्त आहे आणि वाचाघाताच्या उदाहरणांनी तो पुरता निघत नाही. त्यासाठी भाषा अजून आलेलीच नाही अशा बालकांकडे पाहावे लागते. १९८५ साली रेने बायार्जाँ, एलिझाबेथ स्पेल्की आणि स्टॅनली वॉसरमन यांनी पाच महिन्यांच्या बालकांसमोर एक ठोकळा ठेवला आणि त्याच्यापुढे आडवा असलेला पडदा उभा करत मागे झुकवला, तेव्हा ठोकळा त्याच्याआड झाकला गेला. झाकलेल्या ठोकळ्याने अडवायला हवे होते तेथून पडदा जणू आरपार गेला, तेव्हा ती बालके अधिक वेळ पाहत राहिली. नुसत्या टक लावून पाहण्याला धारणा म्हणावे की नाही, यावर मानसशास्त्रज्ञांत वाद आहे. तरीही दृष्टीआड झालेली वस्तू नाहीशी होत नाही ही अपेक्षा पहिल्या शब्दाआधीची आहे, एवढे मी निश्चित मानतो. स्वतः भर्तृहरीही या प्रश्नापाशी आलेला होता. वसंतात कोकिळाचा स्वर कोण बदलतो आणि प्राण्यांना घरटी बांधायला कोण शिकवतो, असे विचारून त्याने हे सारे प्रतिभेकडे, म्हणजे उपजत जाणिवेकडे, सोपवले आणि त्या प्रतिभेच्या मुळाशी पूर्वजन्मीच्या शब्दसंस्काराचे बीज मानले. म्हणजे त्याचा ‘शब्द’ तोंडून निघणाऱ्या बोलण्यापेक्षा फार व्यापक आहे, आणि त्याच्या वर दिलेल्या श्लोकावरून मुक्या माणसाला धारणा नाही असा निष्कर्ष काढणे त्याच्यावरच अन्याय करणारे आहे.

दुसरे विधान मला अधिक महत्त्वाचे वाटते. प्रत्येक धारणेला कारण हवे, असे धरले तर त्या कारणालाही कारण द्यावे लागते आणि ही साखळी कोठेच थांबत नाही. आपल्याकडे तिला अनवस्था म्हणतात. यावर मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाच्या विचारवंतांनी, ज्ञान स्वतःच प्रमाण असते, असे उत्तर दिले; याला स्वतःप्रामाण्य म्हणतात. बाध येईपर्यंत, म्हणजे ते खोडून काढणारे दुसरे ज्ञान येईपर्यंत, ज्ञान खरे धरायचे, आणि पुरावा मागायचा तो त्याच्या खोटेपणाचा. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनी, उलट प्रामाण्य (ज्ञानाचा खरेपणा) बाहेरून, म्हणजे त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती यशस्वी होते की नाही यावरून ठरवले. या वादाची अत्यंत बारकाईने केलेली बौद्ध चिकित्सा शांतरक्षित या बौद्ध तत्त्वज्ञाच्या तत्त्वसंग्रहात आहे, आणि हा ग्रंथ त्याचा शिष्य कमलशील याच्या पंजिकेसह, म्हणजे टीकेसह, १९२६ साली आपल्या बडोद्यातूनच, गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापला गेला. आपल्या वाचनमंडळाने त्यातील स्वतःप्रामाण्याची परीक्षा अवश्य वाचावी.

तत्त्वज्ञ लुडविग विट्गेन्स्टाइन यांनी आयुष्याच्या अखेरच्या दीड वर्षात याच प्रश्नावर टिपणे लिहिली. ती १९६९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांनी, प्रसिद्ध झाली. दार फिरायचे तर बिजागऱ्या जागच्या हलता कामा नयेत, असे त्यांनी त्यांत म्हटले आहे. आपले प्रश्न आणि शंका ज्यांच्या आधारे फिरतात अशा काही गोष्टी पक्क्या धरलेल्या असतात; त्या सिद्ध झालेल्या नसतात आणि असिद्धही नसतात. आपले वडील झोपाळ्याची कडी धरतात तेव्हा ती कडी खरोखर आहे, याला ते काय कारण देतील? भाषा शाबूत असती तरी त्यांना ते देता आले नसते, कारण कडी आहे याहून अधिक पक्के असे सांगण्याजोगे दुसरे काहीच नाही. ही अंधश्रद्धा नव्हे. जेथे कारण देणे शक्य असून नाकारले जाते, तेथेच अंधश्रद्धा हा शब्द लागू पडतो.

मात्र येथे एक धोका आहे, आणि तो सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा कचेरीतील शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकत, असे त्यांच्या चरित्रांत नोंदलेले आहे. त्यांना शहरात राहायला जागा मिळाली नाही, आणि पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले, तेव्हा ते कमाटी बागेत येऊन बसले. त्या शिपायाचा हात मागे येत होता तो कोणतेही वाक्य मनात न उच्चारता, कोणतेही कारण न देता. म्हणजे विटाळाची धारणाही निःशब्द होती, अंगात मुरलेली होती आणि ती धरणाऱ्याला बिजागरीइतकीच पक्की वाटत होती. म्हणून एखादी धारणा शब्दांआधीची आहे, एवढ्यावरून ती आधारभूत ठरत नाही. मी एकच प्रश्न विचारतो : ही धारणा सोडली तर तपासणेच अशक्य होते का? वस्तू दृष्टीआडही टिकतात हे सोडले, तर कोणतीही गोष्ट पुन्हा जाऊन पाहण्याला अर्थ उरत नाही. विटाळ सोडला तर काहीच अडत नाही, उलट कागद हातात देता येतो. मीमांसकांशी माझा मतभेद येथेच आहे. स्वतःप्रामाण्याचा त्यांचा सिद्धांत मोलाचा आहे, परंतु वेदांना प्रश्नांच्या पलीकडे ठेवण्यासाठी त्यांनी तो वापरला, आणि ती जागा बिजागरीची नव्हती.

भाषेमुळे धारणा निर्माण होत नसेल, तर भाषेचे काम काय? माझ्या मते, धारणेला ‘का’ असे विचारता येणे. आपल्या वडिलांपाशी पक्केपणा आहे, पण तो मोडला तर का मोडला हे विचारण्याचे साधन आज त्यांच्या हाती नाही. टेबल रिकामे दिसले तेव्हा नातवाकडे पाहण्यापलीकडे त्यांना काही करता आले नाही. तो तर खेळ होता. एका सकाळी झोपाळाच जागेवर नसेल, तर ते कोणाकडे पाहतील?

‘सांगून उपयोग नाही’ हे घरच्यांचे म्हणणे शब्दांपुरते खरे असेल, पण दाखवून उपयोग आहे. मागच्या खोलीत कड्या बसवून झाल्या की झोपाळा हलवण्याआधी त्यांना तेथे घेऊन जा आणि त्यांचा डावा हात त्या कड्यांवर ठेवू द्या. सामान हलवताना त्यांना दुसऱ्या घरी पाठवू नका. झोपाळा उतरताना आणि पुन्हा टांगला जाताना ते समोर बसलेले असू द्यात. पहिल्या दिवशी आपण स्वतः त्यांच्याआधी त्या झोपाळ्यावर बसा.