बार्शी लाइट रेल्वेच्या मालगाड्यांना ठरलेलं वेळापत्रक असायचं का?

कागदावर असायचं. मी कुर्डुवाडीचा, त्यामुळे जे पाहिलं तेच सांगतो. मीरज ते लातूर ही अडीच फुटी लाइन, म्हणजे दोन रुळांत अंतर अडीच फूट. 1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरुवात झाली, लातूर 1911 ला जोडलं, मीरज 1927 ला. मालगाडी निघायची ती माल भरून झाला की! पॅसेंजरला आधी वाट, ही बिचारी क्रॉसिंगला साइडिंगमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी. कित्येकदा दोन-चार वॅगन पॅसेंजरलाच जोडून द्यायचे.

खरा वेळ जायचा कुर्डुवाडीत. तिथे मोठी लाइन, म्हणजे रुंद रुळांची ब्रॉडगेज, भेटायची; छोट्या गाडीची वॅगन तिच्यावर चालणार कशी? मग एका बाजूला छोटी वॅगन, दुसऱ्या बाजूला मोठी, मध्ये फळी, आणि पाठीवर पोतं घेऊन पळणारे हमाल. फळीखाली सांडलेले तुरीचे दाणे टिपायला कोंबड्या हजर असायच्या. खांद्याला हूक अडकवलेला मुकादम पोती मोजायचा, तेच आमचं वेळापत्रक.

आषाढीला तर सगळंच कोलमडायचं. मालाचे डबे पुसून त्यात वारकरी बसवायचे आणि पोती राहायची फलाटावर. आता सगळी लाइन ब्रॉडगेज आहे.