मर्थांना भित्रा म्हणणं का फसलं

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तालुक्याच्या वाचनालयात चर्चा आहे आणि तिथे तुम्ही मांडणार आहात की युद्धाविरुद्ध बोलणाऱ्यावर एकदा देशद्रोहाचा शिक्का बसला की तो संपलाच, तेव्हा शहाण्या पुढाऱ्याने तोंड बंद ठेवावं. पुराव्याला तुम्ही 2004 सालच्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीतली जॉन केरींची हार घेतली आहे.

बदनामी चालते हे खरं आहे. पण गप्प राहिलं की ती टळते, हे तुमचं पुढचं पाऊल मला अजिबात पटत नाही. तेच आधी तपासू.

केरींच्या दोन वर्षं मागे जा. जॉर्जियाचे सिनेटर मॅक्स क्लेलंड. 1968 साली व्हिएतनाममध्ये हातबॉम्बच्या स्फोटात त्यांचे दोन्ही पाय आणि उजवा हात गेला होता. 2002 च्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध टीव्हीवर जी जाहिरात आली तिच्यात ओसामा बिन लादेन आणि सद्दाम हुसेन यांचे चेहरे दाखवून सुचवलं होतं की हा माणूस देशाच्या सुरक्षेच्या आड येतोय. खुद्द क्लेलंड यांच्या विरोधातल्या पक्षाचे सिनेटर जॉन मॅकेन यांना ती जाहिरात निंद्य वाटली. क्लेलंड पडले. आता यातली महत्त्वाची गोष्ट, जी आपल्याकडे सहसा सांगितली जात नाही. क्लेलंड इराक युद्धाचे विरोधक नव्हते. त्याच ऑक्टोबरात तेव्हाचे अध्यक्ष बुश यांना इराकवर युद्धाचा अधिकार देणाऱ्या ठरावाला त्यांनी हो म्हटलं होतं. ‘हो’ म्हणूनही शिक्का चुकला नाही, तर गप्प राहून कसा चुकणार?

केरींचंही तसंच. त्यांनीही त्या ठरावाला मत दिलं होतं, आणि नंतर युद्ध कसं चाललंय यावर टीका केली. ऑगस्ट 2004 मध्ये स्विफ्ट बोटी म्हणजे नौदलाच्या छोट्या गस्ती नौकांवरच्या काही माजी नौसैनिकांनी त्यांच्या व्हिएतनामच्या पदकांवरच संशय घेतला. उत्तराला उशीर झाला म्हणून केरी हरले, असं सगळे म्हणतात. मला त्याहून मोठी अडचण दिसते ती ही, की युद्ध चूक आहे की बरोबर याचं सरळ उत्तर त्यांच्याकडून मतदाराला मिळत नव्हतं. तिथे जी जागा रिकामी राहिली ती चिखलाने भरली. तरी बुश यांना 51 टक्क्यांच्या आसपासच मतं पडली, आणि केरी पुढे 2013 मध्ये परराष्ट्रमंत्री झाले. ‘संपलाच’ हा शब्द तेवढा मागे घ्या.

आता जॉन मर्था बघा. पेनसिल्व्हेनियाचे खासदार, मरीन या अमेरिकी सैन्यदलात आणि त्याच्या राखीव दलात मिळून 37 वर्षं, युद्धाच्या ठरावाला मत दिलेले. वॉशिंग्टनजवळच्या लष्करी रुग्णालयांत जखमी सैनिकांना भेटायला ते जवळजवळ दर आठवड्याला जात. 17 नोव्हेंबर 2005 ला त्यांनी उभं राहून सांगितलं की इराकमधून सैन्य परत आणा. दुसऱ्याच दिवशी जीन श्मिट या खासदारबाईंनी सभागृहात एका कर्नलचा निरोप म्हणून ऐकवलं की भित्रे पळ काढतात, मरीन कधीच काढत नाहीत. सभागृहात असा गदारोळ उठला की बाईंना शब्द मागे घ्यावे लागले. दोन महिन्यांनी मर्थांच्या पदकांवर संशय घेऊन पाहिला गेला, केरींवर चाललेला तोच डाव. या वेळी तो कुठे लागलाच नाही. 2006 मध्ये मर्था सहज निवडून आले, दोन्ही सभागृहं बुश यांच्या पक्षाच्या हातून गेली, आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांचा राजीनामा जाहीर झाला. (श्मिटबाईही आल्या, पण अगदी थोडक्या मतांनी.)

हत्यार तेच होतं, बदलला होता तो ऐकणारा. मार्च 2003 मध्ये दहातले सात अमेरिकी युद्धाच्या बाजूने होते. 2005 च्या उत्तरार्धात निम्म्याहून जास्त लोक सैन्य पाठवणं चूक म्हणत होते. सद्दामकडच्या ज्या महाविनाशक अस्त्रांसाठी युद्ध केलं ती सापडली नव्हती, आणि मर्था बोलले त्याच्या सुमारे तीन आठवडे आधीच मेलेल्या अमेरिकी सैनिकांचा आकडा 2,000 वर गेला होता. ‘हा भित्रा आहे’ म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात आधी यायला हवं की लढाई तर रास्त आहे. ते येईनासं झालं, की उरतं ते प्रश्न टाळण्यासाठी काढलेलं भांडण, आणि लोकांना ते दिसतं.

आपल्या किनाऱ्यावर हे समजायला जड जाऊ नये. खेड, दापोली, मंडणगड, श्रीवर्धन या पट्ट्यात आखातातल्या पैशावर कितीतरी घरं चालतात. 2 ऑगस्ट 1990 ला सद्दामचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं, आणि तिथून सुमारे 1,70,000 भारतीय, बहुतेक जॉर्डनच्या अम्मानमार्गे, विमानांनी परत आणावे लागले. 2003 च्या मार्चमध्ये कुवेतवर पुन्हा क्षेपणास्त्रं पडू लागली तेव्हा ज्यांचा मुलगा तिकडे होता त्या आईबापांना युद्ध म्हणजे काय हे कुणी भाषणात सांगायची गरज नव्हती. त्यांच्या पडवीत बसून ‘युद्ध नको म्हणणारा शत्रूचा माणूस’ असं कुणी म्हणून बघावं. त्या वर्षी अमेरिकेने आपल्याकडे इराकसाठी सैन्य मागितलं, आणि 14 जुलैला वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांचा आदेश नसल्याचं सांगून नकार दिला. त्या निर्णयाबद्दल मला आजही आदर आहे.

एक गोष्ट मात्र तुमच्या विरोधात जाणारी नाही, माझ्या विरोधात जाणारी आहे, आणि चर्चेत ती कुणीतरी काढणारच: 1972. व्हिएतनामचं युद्ध चूक आहे हे तोवर बहुतेक अमेरिकेला पटलं होतं. तरी अध्यक्षपदाचे युद्धविरोधी उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न, दुसऱ्या महायुद्धातले पदकविजेते बॉम्बफेकी वैमानिक, मॅसॅच्युसेट्स आणि राजधानीचा जिल्हा सोडून सगळीकडे हरले. कारण तेव्हाचे अध्यक्ष निक्सन स्वतःच सैन्य घरी आणत होते, आणि मतदानाच्या सुमारे दोन आठवडे आधी त्यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर यांनी शांतता हाताशी आल्याचं जाहीर केलं. युद्धाला कंटाळलेल्या माणसाला सत्ताधाऱ्याकडूनच शेवट मिळत असेल, तर तो विरोधकाकडे कशाला जाईल? मग त्याच्यावरचे आरोप खपायला जागा राहते. 2006 मध्ये बुश यांनी असा शेवट दाखवला नव्हता, हा मोठा फरक.

तेव्हा केरींचं उदाहरण वगळू नका, पण एकटं ठेवूही नका. क्लेलंड आणि मर्था शेजारी मांडा, मॅकगव्हर्न समोरच्याने काढायच्या आत तुम्हीच काढा. आणि जमलं तर कुवेतहून 1990 ला परतलेल्या एखाद्या काकांना किंवा काकूंना चर्चेला बोलवा, श्रोत्यांत नाही, वक्त्यांत.