झडीतले खेळ: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: झड लागली की तीन-तीन दिवस लेकरं घरातच असतात. एक 3 वर्षांचं, दुसरं 6 वर्षांचं. आम्ही मातीचे बैल केले, ते तडकले. कणकेचे प्राणी केले, त्यांना पाणी सुटलं. काय चुकतं?
(वाचक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर: हात तुमचे चुकले नाहीत, माती चुकली. वावरातली काळी माती ओली असताना फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात वावराला ज्या भेगा पडतात, त्याच तुमच्या बैलाला पडल्या. 4 वाट्या चाळलेल्या मातीत 2 वाट्या बारीक रेती घाला, कारण रेती आकसत नाही. घरचा मूठभर कापूस बोटाच्या पेराएवढा तोडून, पिंजून मिसळा. त्याचे तंतू माती धरून ठेवतात. पाणी थोडं थोडं घालून गोळा रात्रभर ओल्या फडक्याखाली ठेवा. सकाळी मळताना हाताला चिकटला नाही की माती तयार झाली.

धाकट्याला चाळायला आणि मळायला बसवा. त्याला आकार जमत नाही, पण मळण्यात तो अर्धा तास सहज रमतो. मोठ्याने बैल करावा, तळहाताएवढा. पाय अंगठ्याएवढे जाड आणि आखूड ठेवा, बारीक पाय हमखास मोडतात. शिंगांसाठी तुराटीची काडी खोचू नका: माती आकसते, काडी आकसत नाही, आणि डोकं तिथेच फाटतं. शिंगंही मातीचीच करा. जोडायच्या दोन्ही जागी काडीने रेघोट्या ओढा, पातळ चिखल लावा आणि दाबा. नुसतं चिकटवलेलं शिंग वाळलं की गळून पडतं.

बैल चुलीजवळ ठेवायचा मोह होतो. तो टाळा, कारण वरचा थर आधी वाळतो, आतला ओलाच राहतो आणि बैल फुटतो. ओसरीत, सावलीत ठेवा. झडीच्या हवेत आठवडाही लागेल. रोज बाजू बदला.

हे काम पोळ्याच्या आधी काढलंत तर फारच छान. पोळा श्रावण अमावास्येला, तान्हा पोळा, म्हणजे लेकरांचा पोळा, दुसऱ्या दिवशी. अमावास्येच्या पंधरा दिवस आधी माती भिजवली की बैल वाळतो, गेरूने रंगतो, जुन्या लुगड्याच्या तुकड्याची झूल आणि शिंगांना बेगडही होते. लाकडी नंदी विकत मिळतोच, पण स्वतः केलेला बैल मिरवायला नेताना लेकराची मान कशी ताठ होते ते बघाच.

आता कणकेचं. कणकेतलं मीठ हवेतला ओलावा ओढतं, म्हणून पावसाळ्यात ते प्राणी वाळतच नाहीत. वाळवायचा नादच सोडा. 2 वाट्या कणिक, अर्धी वाटी मीठ, 2 चमचे तेल आणि लागेल तसं, साधारण पाऊण वाटी पाणी. अर्ध्या गोळ्यात हळद मळा, मग चिमूटभर खायचा सोडा पाण्यात विरघळवून घाला. पिवळ्याचा तांबूस होताना बघायला लेकरं पुन्हा पुन्हा मागतात. खेळून झालं की झाकणाच्या डब्यात ठेवा, दोन दिवसांनी टाकून द्या. धाकट्याला तो खाऊ देऊ नका, कुत्र्यापुढेही टाकू नका. एवढं मीठ दोघांनाही बाधतं.

प्रश्न: उरलेलं बियाणं निवडायला, ओळीत मांडायला दिलं तर चालेल का?
(वाचक, अकोला जिल्हा)

उत्तर: पेरणीचं बियाणं अजिबात नको. त्यावरचा गुलाबी, लाल किंवा निळा रंग म्हणजे औषध लावल्याची खूण आहे. फवारणीच्या औषधाचे धुतलेले डबे, झाकणं, खोकीही खेळात नकोत. मोठ्यासाठी स्वयंपाकघरातली तूर, मूग, हरभरा घ्या, एकेक मूठ एका ताटात, तेही तुम्ही समोर असताना. धाकट्याला दाणे देऊच नका, त्याला स्वयंपाकघरातल्या वाट्या आणि झाकणं पुरतात. हरभरा नाकात गेला तर ओलाव्याने फुगतो. चिमट्याने काढायला जाऊ नका, दाणा आणखी आत सरकतो. लेकराला थेट दवाखान्यात न्या.