क्षयरोग निघाला, मग एचआयव्ही आणि साखर कशाला तपासली?

प्रश्न : डॉक्टर, माझे पती ४६ वर्षांचे आहेत. खोकला हटेना, वजन उतरलं. थुंकीत टीबी निघाला. लगेच त्यांची एचआयव्ही आणि साखरेची तपासणी झाली. एचआयव्ही निगेटिव्ह, पण साखर २१४. 'माझ्यावर संशय घेतला' म्हणून ते अजून धुमसताहेत. साखरेच्या गोळ्या टीबी बरा झाल्यावर बघू, म्हणतात. काय करावं?

उत्तर : ताई, माझ्यासमोर कीर्तनकार बसो की कॉलेजचा मुलगा, टीबी निघाला की मी एचआयव्हीचं विचारतेच. त्यात चारित्र्याचा प्रश्न येतोच कुठे? एचआयव्ही असेल तर त्याची औषधंही टीबीच्या गोळ्या सुरू झाल्यापासून सहसा दोन आठवड्यांच्या आत सुरू करावी लागतात. वेळ दवडला तर माणूस हातचा जातो. यजमानांना एवढं सांगा आणि तो विषय मिटवा.

खरी काळजी साखरेची. मधुमेहात टीबी होण्याची शक्यता दोन-तीन पट वाढते आणि साखर चढी राहिली तर टीबी उलटण्याची भीती असते. तेव्हा 'नंतर बघू' हे मला अजिबात मान्य नाही. मात्र टीबीच्या ताणानेही साखर तात्पुरती चढते, त्यामुळे एका आकड्यावर कायमचा शिक्का मारू नका. उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी करून घ्या. एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगतं, ६.५ टक्के किंवा वर असेल तर मधुमेह धरून चालायचं. अंगात रक्त कमी असेल तर हा आकडा फसवतो, म्हणून हिमोग्लोबिनही बघा.

आता गोळ्यांचं. लघवी लाल-नारिंगी झाली असेल ना? ती रिफाम्पिसिन या टीबीच्या गोळीची करामत, घाबरू नका. पण तीच गोळी यकृताला इतकं कामाला लावते की ग्लिमेपिराइडसारखं साखरेचं औषध लवकर निघून जातं. साखर हटत नाही म्हणून डोस वाढतो, आणि टीबीचा कोर्स संपल्यावर तोच डोस जड होऊन साखर एकदम खाली येते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. मेटफॉर्मिन या साखरेच्या दुसऱ्या गोळीला हा त्रास फारसा नाही, मळमळ तेवढी वाढू शकते. इन्सुलिन लागलं तरी बिचकू नका.

पायांना मुंग्या येत असतील तर लगेच सांगा. आयसोनियाझिड हे टीबीचं औषध आणि मधुमेह दोन्ही नसांवर येतात, म्हणून सोबत बी-६ ची गोळी लागते. कोर्स संपला की साखर पुन्हा तपासा आणि गोळ्यांचा डोस डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्या.